गोळी घेतली तर पाप लागेल का?



11 फेब्रुवारी हा लुर्दमातेचा सण. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 साली हा दिवस जागतिक रुग्ण दिन म्हणून जाहीर केला आणि 1993 पासून तो जगभरच्या ख्रिस्तसभेत पाळला जातो. या दिवसाच्या निमित्ताने मी दरवर्षी 'आजाऱ्यांना भेटा, त्यांच्यासाठी प्रार्थना करा' असे या पत्रिकेत लिहितो. या वेळी मात्र मला तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवायचा आहे. आपल्याच धर्मग्रामातील एका मावशींनी तो मला विचारला होता आणि मी त्याचे चुकीचे उत्तर दिले होते. त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन, नाव-गाव न सांगता, ती हकीकत लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्या शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला निघालो होतो. या मावशींचे स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झाले होते. मध्ये सारे ठीक होते. मग पाठ दुखू लागली. तपासणीत कळले की कॅन्सर मणक्यात आणि खुब्याच्या हाडात पसरला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की आता आजार मुळापासून जाणार नाही, पण औषधांनी तो काही काळ आवरता येईल. केमो सुरू होती. मी गेलो तेव्हा मावशी खाटेवर एका कुशीवर पडून होत्या आणि ती कूस बदलायची म्हटली तरी दोन माणसे लागत होती.

पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली गोळ्यांचे एक पाकीट होते. मावशींनी तिकडे बोट दाखवले.

"फादर, ही मॉर्फिनची गोळी. अफूपासून करतात म्हणे. घेतली तर पाप लागेल का? आपल्या येशूने तर क्रूसावर काही घेतलं नाही."

मला अजून चार घरे करायची होती. मी म्हणालो, "मावशी, पाप नाही लागत. पण जमेल तेवढं सोसा आणि ते दुःख प्रभूच्या चरणी अर्पण करा. त्याचं मोठं मोल आहे."

उत्तर ऐकायला चांगले होते. मावशींनी हात जोडले, मी आशीर्वाद दिला आणि पुढच्या घरी गेलो.

तीन आठवड्यांनी रविवारच्या मिस्सानंतर आपल्याच गावची एक मुलगी मला भेटायला आली. ती मुंबईत नर्स आहे आणि कॅन्सरच्या रुग्णांची शुश्रूषा करते. सुट्टीवर आली असता ती मावशींना बघायला गेली होती. तिने सरळच विचारले, "फादर, तुम्ही त्यांना काय सांगितलंत? त्यांनी तीन आठवडे एक गोळी घेतलेली नाही. रात्रभर कण्हतात, झोप नाही, अन्न जात नाही. आता केमोला जायलासुद्धा नको म्हणतात. विचारलं तर म्हणतात, फादर बोलले सोसा."

मी गप्प राहिलो. ती पुढे म्हणाली, "मागच्या वर्षी तुमच्या दाढेचं काम झालं तेव्हा तुम्ही इंजेक्शन घेतलं होतं ना?"

घेतले होते. आणि त्या वेळी माझ्या मनात पाप-पुण्याचा प्रश्नही आला नव्हता.

वेदना चांगली की वाईट?

सेमिनरीत आम्ही तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो. दुःखाचे कोडे, ईश्वराचे चांगुलपण, मानवाचे स्वातंत्र्य यांवर मी परीक्षेत पाने भरून लिहिली होती. पण त्या तीन आठवड्यांनी मला जेवढा विचार करायला लावला तेवढा एकाही प्रश्नपत्रिकेने लावला नव्हता.

आपल्या लोकांच्या मनात, आणि कबूल करतो की माझ्याही मनात, एक समज खोलवर बसलेला आहे. दुःख म्हणजे पवित्र, आणि जेवढी वेदना जास्त तेवढा माणूस देवाच्या जवळ. म्हणून वेदना कमी करणे म्हणजे क्रूस खांद्यावरून खाली टाकणे. हे खरे आहे का?

संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे असे की दुःख हे स्वतःपुरते पाहिले तर वाईटच आहे. आजारी, भुकेला, जखमी माणूस पाहून कोणी 'वा, किती छान' म्हणत नाही. दुःखातून चांगले निघू शकते, पण ते चांगले दुःखाच्या पोटातून येत नाही. ते त्या माणसाच्या प्रेमातून, विश्वासातून आणि देवाच्या कृपेतून येते. ख्रिस्ताने आपले तारण केले ते त्याला खिळे टोचले म्हणून एवढेच नव्हे, तर खिळे टोचले जात असतानाही तो प्रेम करीत राहिला म्हणून. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोघे क्रूसावर होते. वेदना तिघांनाही होती, पण आपण शरण जातो ते मधल्या क्रूसाला.

याच संत थॉमसनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात दुःखावरचे उपाय सांगितले आहेत. अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन हे त्यांत आहेतच. पण शेवटचा उपाय वाचून मी सेमिनरीत हसलो होतो. तो आहे झोप आणि स्नान! तेराव्या शतकातील एवढा मोठा संत, पण दुःखी माणसाला केवळ उपदेश करून थांबला नाही; त्याला आंघोळ घाला आणि झोपू द्या, असेही त्याने सांगितले. मावशी तीन आठवडे झोपल्या नव्हत्या. ते हसणे मला त्या रविवारी आठवले.

क्रूसाजवळचे दोन पेले

मावशी म्हणाल्या होत्या, येशूने क्रूसावर काही घेतले नाही. मी शुभवर्तमान पुन्हा उघडले.

मार्कच्या पंधराव्या अध्यायात सैनिक येशूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ करतात, आणि तो घेत नाही. मावशींचे बोलणे येथवर बरोबर होते. पण योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात, मरणाच्या थोडेच आधी, प्रभू स्वतः तहान लागल्याचे सांगतो. तेव्हा त्याच्या ओठांना आंबेने भिजवलेला स्पंज लावला जातो आणि तो ती घेतो. म्हणजे एक पेला त्याने नाकारला आणि दुसरा स्वीकारला. 'मला तहान लागली' म्हणण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

त्याआधी गेथशेमाने बागेत त्याने पित्याकडे काय मागितले ते आपण दर पवित्र गुरुवारी ऐकतो. शक्य असेल तर हा प्याला दूर कर, अशी त्याची विनवणी होती. स्वतःची इच्छा पित्याच्या हाती सोपवली ती त्यानंतर. संत पौलानेही आपल्या शरीरातील काटा काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले. मग कॅन्सरने हाडे पोखरलेल्या एका बाईने 'वेदना थांबवा' म्हटले तर त्यात विश्वासाची उणीव कुठे आली?

आणखी एक गोष्ट. येशू कितीतरी आजाऱ्यांना भेटला. 'तुझा आजार तुझ्यासाठी चांगला आहे, तो सोस' असे त्याने एकाही आजाऱ्याला सांगितल्याचे मला शुभवर्तमानात आढळले नाही. त्याने हात लावला, उठवले, बरे केले. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात रस्त्याकडेला पडलेल्या माणसाच्या जखमांवर तो प्रवासी तेल आणि द्राक्षारस ओततो. त्या काळचे वेदनेवरचे औषध तेच. त्या रस्त्याने आधी गेलेला याजक मात्र थांबला नव्हता. त्यालाही पुढची चार घरे करायची असतील.

ख्रिस्तसभा काय सांगते?

हा प्रश्न नवा नाही. इटलीतील भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी तो थेट पोप पायस बारावे यांना विचारला होता आणि 24 फेब्रुवारी 1957 रोजी त्यांनी त्याचे सविस्तर उत्तर दिले. त्याचा सारांश असा : ख्रिस्ती माणसाने वेदनाशामक औषध नाकारलेच पाहिजे असे कोणतेही सर्वसाधारण बंधन नाही. कोणी स्वखुशीने, ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होण्यासाठी, काही वेदना सोसली तर ते थोर आहे. पण ते सर्वांवर लादता येत नाही. औषधामुळे आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली, तरी दुसरा उपाय नसेल आणि हेतू मरण आणण्याचा नसून वेदना शमवण्याचा असेल, तर ते देणे योग्य आहे. मात्र गंभीर कारण असल्याशिवाय मरणोन्मुख माणसाची शुद्ध हरपू देऊ नये, कारण त्याला देवाशी आणि आपल्या माणसांशी अखेरचे बोलायचे असते. ख्रिस्तसभेच्या 'कॅटेकिझम' या ग्रंथात परिच्छेद 2279 मध्ये हीच शिकवण आहे, आणि वेदना शमवणारी शुश्रूषा हे निःस्वार्थ प्रेमाचे खास रूप आहे, असेही तेथे म्हटले आहे.

यामागील विचार सोपा आहे. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात. एक आपल्याला हवा असतो, दुसरा नको असूनही घडू शकतो. डॉक्टर वेदना थांबेल एवढे औषध देतो आणि वेदना थांबली की मात्रा वाढवत नाही. येथे त्याला हवी आहे ती वेदनामुक्ती. मरण यावे म्हणूनच जो औषध टोचतो त्याचा हेतू वेगळा आणि कृतीही वेगळी. दुसऱ्याला आपण दयामरण म्हणतो आणि ख्रिस्तसभा ते कधीही मान्य करीत नाही. बाहेरून सुई तीच दिसते, पण एक वेदनेला संपवू पाहतो आणि दुसरा माणसाला. हा फरक पक्का ध्यानात ठेवला पाहिजे.

भीती आणि वस्तुस्थिती

त्या नर्स मुलीने मला त्या दिवशी बाकावर बसवून जे शिकवले, आणि नंतर मी स्वतः डॉक्टरांकडून समजून घेतले, ते थोडक्यात सांगतो.

मॉर्फिन योग्य रीतीने, कमी मात्रेपासून सुरुवात करून हळूहळू वाढवत दिले, तर ते सहसा आयुष्य कमी करीत नाही. सुरुवातीचे काही दिवस गुंगी आणि मळमळ होते, मग ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र राहते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध सोबतच घ्यावे लागते. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे क्वचितच घडते. शरीराला सवय होते हे खरे, म्हणून ते एकदम बंद करायचे नसते. गोळ्या कुलपात ठेवायच्या आणि दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत, हे ओघाने आलेच.

आणि गोळी घड्याळ पाहून घ्यायची असते. साधी मॉर्फिनची गोळी सुमारे चार तास काम करते. वेदना असह्य होण्याची वाट पाहत बसलो तर ती आवरायला जास्त औषध लागते. 'अगदीच सहन होईना तेव्हा घेईन' हे आपले आवडते वाक्य, पण या बाबतीत ते चुकीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत घालून दिली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, दुसरीवर कोडीनसारखी सौम्य आणि तिसरीवर मॉर्फिन. हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेवर रेडिएशनचाही, म्हणजे आपले लोक 'लाइट घेणे' म्हणतात त्याचा, चांगला उपयोग होतो. पुष्कळांना एकाच वेळच्या रेडिएशनने आराम पडतो.

घड्याळाप्रमाणे तोंडावाटे मॉर्फिन देण्याच्या या पद्धतीचा आपल्या धर्मभगिनींशीही संबंध आहे. इंग्लंडमधील डॉ. सिसिली साँडर्स यांनी 1958 पासून लंडनच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये ती नेटाने राबवली. ते हॉस्पिस आयरिश धर्मभगिनी चालवीत. पुढे 1967 साली डॉ. साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आपल्याकडे वांद्र्याला 1986 साली डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती आवेदना हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू केले. केरळात डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली कालिकतला असेच काम आरंभिले आणि ते गावोगावच्या स्वयंसेवकांनी पुढे नेले.

एक विसंगती मात्र मनाला लागते. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि ती औषधांसाठी परदेशात जाते. पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातील किचकट परवान्यांमुळे आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळणे कित्येक वर्षे दुरापास्त झाले होते. 2014 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट थोडी मोकळी झाली. बेनसिराच्या ग्रंथातील अडतिसावा अध्याय सांगतो की औषधे परमेश्वराने भूमीतून निर्माण केली आहेत आणि शहाण्याने त्यांना तुच्छ लेखू नये. अफूचे झाडही त्याच भूमीतले.

'आता काही उरलं नाही' कधी म्हणावे?

आपल्या घरांतून मी एक वाक्य नेहमी ऐकतो : "मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं." दुसरेही एक वाक्य ऐकतो : "फादरांना बोलावलं म्हणजे संपलं." दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. आजाऱ्यांच्या अभ्यंगाला पूर्वी 'शेवटचा अभ्यंग' म्हणत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच सांगितले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही. तरी अजून कित्येक घरी मला बोलावतात ते माणसाची शुद्ध गेल्यावर. वेदनाशामक शुश्रूषेचेही तसेच आहे. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपचार थांबल्यावरची सोय, असा समज आहे. पण ती केमोच्या बरोबरीने पहिल्या दिवसापासून घेता येते आणि घ्यावी.

2010 साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले 151 रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, निम्म्यांना त्याबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातील रुग्ण मनाने अधिक बरे राहिले, त्यांच्यावर अखेरच्या दिवसांत कठोर उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरीही ते सरासरीने जास्त जगले. पहिला गट सुमारे 9 महिने, दुसरा साडेअकरा महिन्यांहून थोडे अधिक. प्रत्येक आजारात असेच होईल असे नाही. पण वेदना कमी करणे म्हणजे हार मानणे नव्हे, एवढे यावरून दिसते.

मग केमो कधीतरी थांबवावी का? येथे घराघरांत वाद होतात. मुलगा म्हणतो, वाडी विकीन पण आईला वाचवीन. आई म्हणते, पुरे झाले. डॉक्टर म्हणतात, चौथे औषध वापरून बघता येईल, पण फारसा फरक पडेल असे वाटत नाही. ख्रिस्तसभेची शिकवण अशी की जीवन ही देवाची देणगी आहे, म्हणून योग्य तेवढे उपचार घेणे हे कर्तव्य आहे. परंतु ज्यांचा भार त्यांच्या लाभापेक्षा मोठा आहे असे उपचार घेण्याचे बंधन नाही. 1980 साली व्हॅटिकनने दयामरणावर काढलेल्या जाहीरनाम्यात तर असेही स्पष्ट केले आहे की कुटुंबावर फार मोठा खर्च पडू नये म्हणून असा उपचार नाकारणे ही आत्महत्या नव्हे. स्वतः पोप जॉन पॉल दुसरे 2005 साली अखेरच्या दिवसांत पुन्हा इस्पितळात गेले नाहीत. आपल्या खोलीतच, आपल्या माणसांच्या प्रार्थनेत त्यांनी देह ठेवला.

मात्र उपचार थांबवता येतात, शुश्रूषा कधीच नाही. तोंड ओले करणे, कूस बदलणे, वेदनेची गोळी वेळेवर देणे, जवळ बसणे हे शेवटच्या श्वासापर्यंत चालू राहते. 'आता काही उरलं नाही' असे म्हणण्याची वेळ कधी येतच नाही.

कोणाचे दुःख कोणी अर्पण करायचे?

मग दुःख अर्पण करण्याच्या आपल्या जुन्या शिकवणीचे काय? ती खोटी का? मुळीच नाही. संत पौल कलस्सैकरांना लिहितो की ख्रिस्ताच्या दुःखांत तो आपल्या देहाने भर घालीत आहे. पोप जॉन पॉल यांनी 1984 साली दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक संपूर्ण पत्र लिहिले. 1981 साली गोळीबारात ते मरता मरता वाचले होते. दुःखाविषयी ते पुस्तकी बोलत नव्हते. त्या पत्रात त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. ख्रिस्ताने आपल्याला स्वतःच्या दुःखाने इतरांचे भले करायला शिकवले आणि दुःखितांचे भले करायलाही शिकवले. मी मावशींना पहिली अर्धी सांगितली आणि दुसरी अर्धी, जी माझ्या वाट्याची होती, ती विसरलो.

अर्पण म्हणजे दान. दान स्वखुशीने, मोकळ्या हाताने करायचे असते. जे दुसऱ्याने हिसकावून घेतले ते दान नव्हे. ज्याची रात्र कण्हण्यात जाते त्याच्याकडे अर्पण करायला मोकळा हातच नसतो. मावशींनी मला नंतर सांगितले की त्या तीन आठवड्यांत त्यांची रोझरी पहिल्या रहस्याच्या पुढे कधी गेली नाही. पाच-सहा नमो मरिया म्हटल्या की कळ यायची आणि सारे विसरायला व्हायचे. मला वाटत होते की वेदना त्यांना देवाजवळ नेत आहे. प्रत्यक्षात ती देवाशी बोलूसुद्धा देत नव्हती.

म्हणून मी आता एक नियम पाळतो आणि तुम्हीही पाळावा असे वाटते. 'सोस' हा शब्द माणसाने स्वतःला म्हणावा, दुसऱ्याला नाही. स्वतःचे दुःख स्वतः अर्पण करावे. दुसऱ्याचे दुःख दिसले तर ते आधी हलके करावे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते गप्प बसले, तोपर्यंत ते चांगले मित्र होते. तोंड उघडून त्याच्या दुःखाचा अर्थ सांगू लागले आणि बिघडले.

मावशींचे उत्तर

त्याच संध्याकाळी मी मावशींकडे गेलो. या वेळी घड्याळ पाहिले नाही. मी म्हणालो, "मावशी, मी चुकलो. मला माफ करा. ही गोळी घ्या. डॉक्टरांनी सांगितली आहे तशी, वेळेवर घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "फादर, तुमचंही अजून शिकायचं वय आहे." त्यांच्या सुनेला हसू आवरेना.

वेदना एका दिवसात गेली नाही. मात्रा दोनदा बदलावी लागली, मणक्याला रेडिएशन घ्यावे लागले. पण पंधरा दिवसांत मावशी ओट्यावर खुर्चीत बसून वाल सोलू लागल्या. केमो त्यांनी आणखी काही महिने घेतली आणि मग, मुलांना समोर बसवून, स्वतःच थांबवली. घरच्यांनी त्यांच्यापासून खरे काही लपवले नाही, म्हणून हे शक्य झाले. 'फादर, तिला सांगू नका' असे मला पुष्कळ घरी सांगतात. ते प्रेमापोटीच असते. पण त्यामुळे आजारी माणूस भोवती सगळे असतानाही एकटा पडतो. डॉ. साँडर्स म्हणत की वेदना एकट्या शरीराची नसते. मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते. शेवटच्या तिन्हींवर मॉर्फिनचा इलाज नाही. तेथे आपण लागतो.

एका पहिल्या शुक्रवारी मी त्यांना विचारले, "मावशी, आता बरं वाटतं ना?"

त्या म्हणाल्या, "हाडांचं दुखणं थांबलं, फादर. पण नातीचं लग्न मला दिसणार नाही, हे दुखणं गोळीने थांबत नाही. ते मी रोज देते देवाला. आता द्यायला येतं. आधी काही सुचतच नव्हतं."

अर्पणाचा अर्थ मला सेमिनरीने शिकवला, पण कळला तो त्या ओट्यावर.

त्या प्रभूकडे गेल्या तेव्हा शुद्धीवर होत्या. आजाऱ्यांचा अभ्यंग त्यांनी आधीच, स्वतः मागून, दोनदा घेतला होता. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी आज छापून देत आहे, म्हणजे आणखी कोणाच्या घरी पाकीट बंद राहू नये. नाही मावशी, पाप लागत नाही. पण वेदना थांबवणे शक्य असताना 'सोसा' म्हणून पुढे निघून गेल्याचे पाप माझ्यासारख्याला लागते, आणि ते मी पापनिवेदनात सांगितले आहे.

प्रिय बंधू-भगिनींनो, आपल्या घरी कॅन्सरचा रुग्ण असेल तर तीन गोष्टी करा. वेदना होते का, किती होते, हे त्याला रोज विचारा आणि डॉक्टरांना न लाजता सांगा. उपचारांच्या सुरुवातीलाच पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा. आणि मला उशिरा नव्हे, वेळेत बोलवा. येत्या रुग्ण दिनाच्या मिस्सात आजाऱ्यांचा अभ्यंग दिला जाईल. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी मी येईन. त्या नर्स मुलीनेही, सुट्टीवर येईल तेव्हा, घरोघरी येऊन शुश्रूषा शिकवण्याचे कबूल केले आहे.

हे प्रभू येशू, तू तहानलेला असताना कोणीतरी तुझ्या ओठांना ओलावा दिला. आमच्या घरांत तू आज खाटेवर पडून आहेस. तुला 'सोस' म्हणून पुढे जाण्यापासून आम्हांला वाचव, आणि तुझ्याजवळ बसायला शिकव. आमेन.

तुमचाच,
फादर